क्लायंट देणे आहे

सोलापुरात एखादा माणूस एकदा का तुमच्या ऑफिसातल्या माठातलं पाणी प्याला, की तो तुमचा क्लायंट झाला. त्यासाठी करारपत्र लागत नाही, फी ठरवावी लागत नाही, त्याचं पूर्ण नाव माहीत असावं लागत नाही. मे महिन्यात पारा 44 अंशांवर गेलेला असताना नवी पेठेतला जिना चढून तो वर येतो, पंख्याखालची खुर्ची बघून बसतो, दोन पेले पाणी पितो आणि म्हणतो, "मालक, जरा एक काम होतं." झालं. इथून पुढं त्याचं रिटर्न तुम्ही भरायचं, त्याच्या भावाचं भरायचं, मेव्हण्याच्या कर्जासाठी बँकेला लागणारे कागद तयार करायचे आणि त्याच्या पोरीच्या लग्नात आहेराचं पाकीट घेऊन रांगेत उभं राहायचं. क्लायंट होण्याची अशी उत्तम सोय आमच्या गावात आहे. क्लायंट न राहण्याची सोय मात्र कोणी केलेली नाही.

मी व्यवसायानं चार्टर्ड अकाउंटंट. आमच्यातली काही मंडळी मोठ्या शहरांतल्या परिषदांना जातात आणि येताना एक बॅग, एक पेन आणि एक नवा विचार घेऊन येतात. मागे एकदा मीही गेलो होतो. कोटातल्या एका वक्त्यानं पडद्यावर चार रंगांचे चार चौकोन दाखवले. सगळे क्लायंट ए, बी, सी आणि डी अशा चार वर्गांत विभागायचे. डी म्हणजे फी देत नाही तो, वेळ खातो तो, ऐकत नाही तो. डी वर्गाला नम्रपणे, लेखी निरोप द्यायचा. "मोकळ्या झालेल्या वेळात तुमची प्रगती होईल," असं म्हणून वक्ता जेवायला गेला.

घरी येऊन मी यादी करायला बसलो. डी चा कागद भरला, त्याला पुरवणी जोडली. सी मध्ये बायकोच्या माहेरची माणसं घातली, कारण त्यांना डी मध्ये घालायचं धाडस मला झालं नाही. ए मध्ये एकच नाव बसलं, आणि तो गृहस्थ गेल्या वर्षीच पुण्याला पोराकडं राहायला गेला होता. नियमाप्रमाणे निरोप द्यायचा ठरवला असता तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी, पंखा आणि माठ एवढेच उरलो असतो. म्हणून मी ठरवलं, सुरुवात एकापासून करायची. यादीत सर्वांत वर ज्यांचं नाव होतं, त्यांना आपण टॉवेलशेठ म्हणू.

टॉवेलशेठ वाईट माणूस नाही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचे माग आहेत, टॉवेल परराज्यांत जातो, घरी चार पाहुणे कायम जेवायला असतात. मराठी, तेलुगू, कन्नड आणि हिंदी या चारही भाषांत ते "उद्या देतो" हे वाक्य सारख्याच सफाईनं बोलतात. अडचण आहे ती त्यांच्या पिशवीची.

ही पिशवी साड्यांच्या दुकानाची, जाड, बंदाला गाठ मारलेली. वर्षाचा सगळा हिशेब हिच्यात असतो. टेबलावर उपडी केली की आधी सुताची बिलं पडतात, मग विजेची बिलं, मग कोणाच्या तरी वास्तुशांतीची पत्रिका. ही पत्रिका टाकायची नसते, कारण तिच्या पाठीमागं पेन्सिलीनं मागवाल्यांचा पगार लिहिलेला असतो. तळाशी कडक भाकरीचा चुरा आणि शेंगाचटणीच्या तेलानं पारदर्शक झालेली दोन-तीन बिलं. त्यांवरचा आकडा 3 आहे की 8, हे तेलानं ठरवलेलं असतं. मी विचारतो, "शेठ, हे तीन हजार की आठ हजार?" शेठ बिल उजेडाला धरतात, डोळा बारीक करतात आणि मलाच विचारतात, "तुम्हाला कोणतं बरं पडतंय मालक?"

पिशवी येते ती मुदतीच्या आदल्या संध्याकाळी. आम्ही एप्रिलपासून फोन करतो, शेठ एप्रिलपासून म्हणतात, "तारीख वाढंल की ओ." यावर मी पूर्वी भाषण द्यायचो. कायदा, शिस्त, विलंब शुल्क वगैरे. मग 2025 साल उजाडलं. विवरणपत्राची 31 जुलै सरकारनं 15 सप्टेंबर केली. 15 सप्टेंबरला रात्री पोर्टल दमलं म्हणून 16 केली. ऑडिटच्या अहवालाची 30 सप्टेंबर आधी 31 ऑक्टोबर झाली, मग 10 नोव्हेंबर झाली. दर वेळी शेठचा फोन यायचा, "बघा, म्हटलो नव्हतो?" ज्या माणसाच्या बाजूनं प्रत्यक्ष भारत सरकार उभं आहे, त्याला शिस्त शिकवणारा मी कोण?

पहिला उपाय सगळ्यांना ठाऊक असलेला. फी दुप्पट करायची. माणूस आपोआप पळतो. मी मन घट्ट केलं, बिल छापलं आणि शेठच्या हातात दिलं. त्यांनी आकडा वाचला. चेहऱ्यावर रेषासुद्धा हलली नाही. "करा की मालक. महागाई केवढी वाढल्याय. तुम्ही तर लई कमी लावताव." मी चकित झालो. नंतर लक्षात आलं, फी वाढली म्हणून घाबरतो तो फी देणारा माणूस. ज्याला द्यायचीच नाही, त्याला एक शून्य वाढल्यानं काय फरक पडतो?

फी अगदीच मिळत नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. दिवाळीला शेठच्या चुलतभावाकडची चादर येते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे; तेव्हा भौगोलिक मानांकन मिळालेली फी घेणारे जगात आम्हीच असू. आमच्या घरात आता कपाटावर चादरी, दिवाणात चादरी आणि पाहुणा आला की पलंगावर एकावर एक इतक्या चादरी, की त्याला गादीची गरज पडत नाही. हिनं एकदा भर उन्हाळ्यात, वीज गेलेली असताना, त्या थप्पीकडं बघत विचारलं, "अहो, तुमच्याकडं एखादा कूलरवाला क्लायंट नाही का?"

दुसरा उपाय लेखी निरोपाचा. परिषदेच्या बॅगेत नमुना होताच. 'आपल्यासोबत काम करण्याची संधी मिळाली याबद्दल आभार. तथापि, कामाच्या व्यापामुळे यापुढे सेवा देणे शक्य होणार नाही. कृपया पंधरा दिवसांत पर्यायी व्यवस्था करावी.' मी तो लेटरहेडवर टाइप करून घेतला, शिक्का मारला, सही केली आणि पोस्टानं पोचपावतीसह पाठवला. रात्री झोप चांगली लागली.

चौथ्या दिवशी शेठ जिना चढून वर आले. हातात माझंच पाकीट, न फोडलेलं. शेठचा नियम आहे, शिक्का असलेलं कोणतंही पाकीट घरी फोडायचं नाही, थेट माझ्याकडं आणायचं. आयकर असो, जीएसटी असो, महानगरपालिका असो.

"नोटीस आल्याय मालक. बघा जरा, काय म्हणालेत."

मी पाकीट फोडलं आणि माझंच पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. शेठ पाणी पीत ऐकत होते. मधेच आवंढा गिळून म्हणाले, "लई कडक हाय ओ नोटीस. कुणी काढलीय?"

"मीच काढलीय, शेठ."

"तरीच!" शेठचा जीव भांड्यात पडला. "मग काय काळजी नाही. तुम्हीच काढलीय म्हटल्यावर तुम्हीच काय ते उत्तर देऊन टाका."

आता सांगायला संकोच वाटतो, पण सवय वाईट असते. समोर नोटीस, समोर घाबरलेला माणूस आणि हाताशी कीबोर्ड. माझी बोटं आपोआप चालू लागली. 'उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, कागदपत्रांची जुळवाजुळव सुरू असल्याने उत्तर देण्यासाठी एक महिन्याची मुदत मिळावी.' शेठनी सही केली. मी आवक नोंदवहीत नोंद केली, शिक्का मारला. मुदतीचा अर्ज सुस्पष्ट आणि नियमानुसार होता. नाकारायला काही कारण सापडेना. मंजूर केला.

आमच्या खालच्या मजल्यावर एक वकीलसाहेब बसतात. मी त्यांच्याकडं मन मोकळं केलं. ते हसले. "तुमचं बरं आहे की. आमच्या धंद्यात वकीलपत्र एकदा दाखल केलं की कोर्टाच्या परवानगीशिवाय ते काढता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत तसं लिहून ठेवलंय." मग पक्षकार भेटतच नाही, फोन उचलत नाही, अशा वेळी काय करतात? 'नो इन्स्ट्रक्शन' पुरशीस देतात. म्हणजे, पक्षकाराकडून मला काही सूचना नाहीत, सबब मला मोकळं करावं, असं कोर्टाला लिहून द्यायचं. वकीलसाहेबांनी एकदा मोठ्या आशेनं अशी पुरशीस दिली. न्यायाधीशांनी विचारलं, पक्षकाराला तशी नोटीस दिली का? वकीलसाहेब उत्तर द्यायच्या आत मागच्या बाकावरून पक्षकारच उठून उभा राहिला. "पोचली साहेब नोटीस. पण आमचे वकील हेच. दुसरं कोण हाय आम्हाला?" सगळं कोर्ट गहिवरलं. पुरशीस परत घ्यावी लागली.

"फाइल अडवून ठेवायची," मी सुचवलं. "फी दिल्याशिवाय कागद मिळणार नाहीत म्हणायचं."

"तेही नाही. वकिलाला फीसाठी पक्षकाराची कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा निकाल आहे." एवढं बोलून त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि घाईघाईनं दिवा बंद केला. जिन्यात पक्षकाराची चाहूल लागली होती.

मग मला आशेचा किरण दिसला. शेठना त्यांच्या व्याह्यांनी सांगितलं की विजापूर रोडला एक तरुण सीए आलाय, ऑफिसला एसी आहे, चहाऐवजी कॉफी देतो. शेठनी चौकशी केली आणि त्या तरुणाचं पत्र मला आलं. चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा, 1949 च्या पहिल्या अनुसूचीतलं आठवं कलम असं, की दुसऱ्या सीएकडचं ऑडिट घ्यायचं असेल तर आधी त्याला लेखी कळवायचं. यात हेतू असा की आधीच्या माणसाला काही सांगायचं असेल तर त्यानं सांगावं. पत्र वाचून मला प्रचंड आनंद झाला आणि लगेच घाम फुटला. हे म्हणजे स्थळाची चौकशी यावी तसं. खरं सांगावं तर लग्न मोडतं आणि मुलगा आपल्याच घरी राहतो; खोटं सांगावं तर एका गरीब पोरीचं वाटोळं होतं.

मी बराच विचार करून उत्तर लिहिलं: 'शेठ मनमिळाऊ आहेत. कागदपत्रं एकाच ठिकाणी ठेवतात.' दोन्ही वाक्यं शंभर टक्के खरी. ते ठिकाण म्हणजे पिशवी, हे त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पण तो पोरगा हुशार निघाला. त्यानं फोन केला. "सर, फक्त एकच विचारायचं होतं. तुमची ऑडिट फी काही बाकी आहे का?"

इथं मी अडकलो. आम्हा सीएंच्या संस्थेच्या कौन्सिलनं 2008 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत स्पष्ट म्हटलंय, की आधीच्या सीएची वादात नसलेली ऑडिट फी थकलेली असेल तर नव्या सीएनं ते काम घ्यायचं नाही. नियम आमच्याच भल्यासाठी केलेला. पण त्याचा परिणाम बघा. जो क्लायंट वेळेवर फी देतो, तो कधीही उठून जाऊ शकतो. जो फी बुडवतो, तो कायद्यानं कायमचा तुमच्याकडं. मी त्या पोराला विचारलं, "बाकी नाही म्हटलं तर चालेल का?" तो म्हणाला, "सर, तेवढं लेखी द्याल?" माझ्याच्यानं देववेना. माझी इतक्या वर्षांची फी मी एका ओळीत माफ करायची आणि वर त्याला एसीत बसून कॉफी प्यायला पाठवायचं, हे मनाला पटेना.

या सगळ्यात सर्वांत यशस्वी पद्धत मला शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांकडं सापडली. गेली काही वर्षं मी गेलो, की ते माझं सगळं ऐकून घेतात आणि अत्यंत आदरानं म्हणतात, "तुम्ही एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवा." मला यात माझ्या दुखण्याचा गौरव वाटायचा. आपलं पोट साधंसुधं नाही, पुण्याच्या दर्जाचं आहे, असं मी चारचौघांत सांगायचो. एकदा हिनं शांतपणे विचारलं, "तुम्ही त्यांना गूगलवर वाचलेलं सांगता, गोळ्या अर्ध्यात सोडता आणि फी पुढच्या वेळी देतो म्हणता. ते तुम्हाला मोठ्या डॉक्टरांकडं का पाठवतात, कळलं का?" मला उत्तर सुचलं नाही, पण पद्धत कळली. माणसाला हाकलायचं असेल तर त्याला मोठं करायचं.

मी शेठना बोलावलं. खास चहा सांगितला. "शेठ, खरं सांगू? तुमचा धंदा आता माझ्या आवाक्यातला राहिला नाही. तुमच्यासारख्याला पुण्याचीच फर्म पाहिजे."

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. उठून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. संध्याकाळपर्यंत ही बातमी साखर पेठेपासून अशोक चौकापर्यंत पसरली: मालक स्वतःच्या तोंडानं म्हणाले, शेठचा धंदा पुण्याच्या तोडीचा झालाय. दुसऱ्या दिवशी शेठ परत आले. सोबत साडू आणि साडूचा पार्टनर. "हे बघा, ह्यांचा धंदा बी तुमच्याकडंच द्यायचा म्हणालेत. तुमच्या हाताला यश हाय मालक. आमचं बघा की कुठल्या कुठं नेऊन ठेवलाव." साडूच्या हातात पिशवी होती. दोघांनी आधी माठाकडं पाहिलं, आणि मी आडवा होईपर्यंत पाणी पिऊन झालं होतं.

मग मी भांडायचं ठरवलं. एका डिसेंबरात आवाज चढवला, पिशवी परत दिली, "उद्यापासून माझं तोंड बघू नका," इथपर्यंत गेलो. शेठ मान खाली घालून जिना उतरले. मला वाईट वाटलं, पण दोन-तीन आठवडे टेबल स्वच्छ राहिलं. मात्र मी महिना चुकीचा निवडला होता. डिसेंबरनंतर जानेवारी येतो, जानेवारीत संक्रांत येते आणि संक्रांतीला सोलापुरात सिद्धेश्वराची यात्रा असते. सात नंदीध्वज निघतात, सगळं गाव रस्त्यावर असतं आणि होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, जो माणूस आपल्याला नको असतो, तोच नेमका पाळण्याच्या रांगेत आपल्या पुढं असतो. शेठ नातवाला खांद्यावर घेऊन उभे होते. मला बघून त्यांनी खिशातून पुडी काढली, तिळगूळ माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "गोड बोला मालक." सिद्धेश्वराच्या यात्रेत, तिळगूळ तोंडात असताना, 'तुमची फाइल बंद केलीय' असं म्हणणारा माणूस सोलापुरात अजून जन्मायचा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी टेबलावर होती.

आणि समजा, सुटलेच एखादे शेठ. गेले खरोखर पुण्याला. तरी जीएसटीच्या नोंदणीत मोबाइल नंबर कोणाचा आहे? 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हा गडबड इतकी होती, की ज्याच्याकडं ई-मेल नाही त्याला आम्ही आमचा दिला, ज्याला ओटीपी म्हणजे काय ते कळेना त्याचा नंबर म्हणून आमचा टाकला. त्या माणसाशी संबंध संपले, तो रस्त्यात ओळख देत नाही, पण त्याचे ओटीपी आजही माझ्याकडं येतात. रात्री जेवताना फोन वाजतो, न पाहिलेला नंबर असतो आणि पलीकडून कुठल्या तरी फर्मची मुलगी म्हणते, "सर, दहा मिनिटंच चालतो, पटकन सांगता का?" मी घास बाजूला ठेवून सहा आकडे सांगतो. नंबर बदलून घ्या म्हटलं, की ती म्हणते, "हो सर, बदलायला टाकतो. त्याचाही ओटीपी तुम्हालाच आला तर फोन करीन." गावच सोडून जावं म्हटलं, तर हुतात्मा एक्सप्रेस सकाळी निघून जेवायच्या आत पुण्यात पोचवते, आणि त्याच गाडीच्या समोरच्या सीटवर शेठच्या मांडीवर पिशवी असते.

कंपनीचा ऑडिटर राजीनामा देतो तेव्हा कायद्यानं त्याच्यासाठी एडीटी-3 नावाचा फॉर्म ठेवलाय. तीस दिवसांत भरायचा, कारण लिहायचं, सुटला. सरकारला माझी नम्र विनंती आहे, की असाच एक छोटा फॉर्म पिशवीवाल्या क्लायंटसाठीही काढावा. तारीख वाढवली तरी चालेल.

आणि वाचकहो, तुम्हालाही एक सांगून ठेवतो. तुमचा सीए उद्या चहा मागवून म्हणाला, "तुमचा धंदा आता मोठा झालाय, तुम्हाला पुण्याची फर्म पाहिजे," तर पेढे वाटू नका. घरी जा, मागची थकलेली फी घेऊन या आणि त्याच्या टेबलावर ठेवा. ती दिल्याशिवाय तुमचं ऑडिट दुसरा कोणी घेऊ शकत नाही. आणि ती दिलीत, तर तो तुम्हाला सोडणार नाही.